सेकंड हाफ ड्रॅग होते

आमच्या यांना सिनेमातलं फार कळतं, असा सिंदी रेल्वेपासून पुलगावपर्यंत आमच्या साऱ्या सोयऱ्यांमध्ये लौकिक आहे. तो त्यांनी एका शब्दावर कमावला, आणि तोही इंग्रजीतून आणलेल्या.

आधी माझा नवरा चारचौघांसारखा बोलायचा. पिक्चर वाईट निघाला की 'बंडल', 'पकवलं', फारच झालं तर 'डोकं उठवलं'. मग एकदा नागपुरात पिक्चर सुटताना पुढे चालणारे एक चष्मेवाले गृहस्थ बायकोला म्हणाले, "सेकंड हाफ ड्रॅग होतो." आमचे हे जिन्यातच थबकले. हरवलेलं पाकीट कुणी हातात आणून द्यावं तसा चेहरा झाला त्यांचा. वर्ध्याला पोचेपर्यंत तो शब्द त्यांनी तोंडात घोळवला, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात एकही पिक्चर वाईट उरला नाही. सगळे ड्रॅग व्हायला लागले.

शब्द आहे मोठा सोयीचा. 'बेकार' म्हटलं तर समोरचा विचारतो, "काऊन?" मग गाणी, गोष्ट, हिरोईन सगळ्यांचा हिशेब द्यावा लागतो. 'ड्रॅग होते' म्हटलं की कुणी काही विचारत नाही, कारण खुर्चीत बसून पाठ प्रत्येकाचीच दुखलेली असते. शिवाय दोष कुणाला लागत नाही. जणू पिक्चर आपला आपणच ओढत, फरफटत चालला होता आणि यांनी तो रस्त्यात पाहिला. सगळ्यात मोठी सोय म्हणजे झोपलेल्या माणसालाही हे मत देता येतं. आमचे हे इंटरवलनंतर झोपतात. त्यामुळे निकाल ते इंटरवललाच, समोसा खाताना देऊन टाकतात.

"सेकंड हाफ ड्रॅग होते."

"अहो, पण पाह्यला कुठं तुमी?"

"पाहा काय लागते त्याच्यात? होतेच तो."

पुढे शब्द थिएटरबाहेर पडला. पुलगावच्या लग्नात मंगलाष्टका आटोपल्यावर हातातल्या उरलेल्या अक्षता झटकत हे म्हणाले, "शेवटच्या दोन ड्रॅग झाल्या." भटजी समोरच उभे होते. एका तेरवीला कीर्तन सुरू असताना यांनी माझ्याकडे वळून तोंड उघडलं, तेव्हा मी त्यात बुंदीचा लाडू घातला. त्या दिवशी मला एक उपाय सापडला. तो पुढे कामी आला.

झालं असं, की सिंदीच्या माझ्या मोठ्या भावाच्या मुलीने एक छोटा पिक्चर काढला. भावाचं तिथे कापडाचं दुकान आहे. मुलीला पुण्याला जाऊन हेच शिकायचं होतं आणि भावाचं म्हणणं होतं, बी.एड. कर आणि घरी राहा. शेवटी त्याने तोड काढली. "मले त्याच्यातलं समजत नाई. जवाईबुवा पाहातीन. ते चांगला म्हणतीन त जाय पुण्याले."

आमच्या माहेरी जावयाचा शब्द कुणी खाली पडू देत नाही. पण या जावयाकडे शब्दच मुळात एक!

पोरीचा मला फोन आला. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्यालाही मामाजीच म्हणतात. "आत्या, पाया पडतो तुह्या. मामाजींले तेवढं एक बोलू नको देजो. बाबा त्याच शब्दाची वाट पाहून राह्यले."

रविवारी वर्ध्याच्या नालवाडीतल्या घरून निघालो तेव्हाच मी गाडीत विषय काढला.

"आज तो शब्द नाई काढाचा."

"कोणता?"

"तुमाले माहीत आहे."

मग ते अगदी केविलवाणे होऊन म्हणाले, "मंग म्हणू काय?"

"छान म्हणा."

"छान म्हणाले पिक्चर पाहा काऊन लागते?"

दुपारी दुकान बंद करून आत सगळी तयारी झाली होती. कापडाच्या दुकानात पडद्याला काय तोटा? पांढऱ्या लठ्ठ्याचा अख्खा तागा सोडला होता. शिकवणी घेणाऱ्या शेजाऱ्याकडून प्रोजेक्टर आला. जावयाला मानाची जागा म्हणजे गादीवर, मोठ्या लोडाशी. त्या लोडाला टेकून जागा राहिलेला माणूस मी पाहिलेला नाही. मी पदराखाली गोरसपाकाचा, म्हणजे आमच्या वर्ध्याच्या बिस्किटांचा, पुडा घेऊन यांच्या अगदी शेजारी बसले.

शटर ओढलं, अंधार झाला. पिक्चर त्याच दुकानाचा होता. एक बाई येते, ही दाखवा, ती दाखवा करत गादी भरून साड्या उलगडायला लावते आणि ब्लाउजपीससुद्धा न घेता उठून जाते. मग माझा भाऊ पडद्यावर एकटाच त्या साड्यांच्या घड्या घालत बसतो. एक झाली की दुसरी. संगीत नाही, बोलणं नाही. घड्या घालतोय आपला.

अंधारात यांचं तोंड उघडलं. मी गोरसपाक कोंबला. खाऊन झालं, पुन्हा उघडलं. पुन्हा कोंबला.

"इंटरवल केव्हा आहे?" भरल्या तोंडाने यांनी विचारलं.

"नाई आहे."

"मंग सेकंड हाफ कुठून सुरू होते?"

मी पुढचा गोरसपाक काढायला हात घातला. पुडा संपला होता.

शटर वर गेलं. भाऊ समोर मांडी घालून बसला. पोरगी प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

"बोला, जवाईबुवा."

यांनी माझ्याकडे पाहिलं. पोरीकडे पाहिलं. मिशीवरचा चुरा पुसला. "चांगला आहे," ते म्हणाले, आणि माझा श्वास सुटतो न सुटतो तोच, "तो घड्यायचा सीन तेवढा... ड्रॅग होते."

पोरीच्या हातातली वायर खाली पडली. मी कपाळाला हात लावला.

भाऊ रिकाम्या लठ्ठ्याकडे पाहत राहिला. मग त्याने गुडघ्यावर थाप मारली.

"होते नं! ड्रॅगच होते तो! बाई दुकानाबाहेर पडली का तिचा पिक्चर संपला, जवाईबुवा. घड्या मले घाला लागतात. इतके वर्षं घालून राह्यलो, घरच्याईलेही दिसलं नाई कधी." मग तो पोरीकडे वळला. "पण तू मधातच कापला. हिरव्या साडीची घडी अर्धीच झाली होती."

"बाबा, तो लांबून राह्यला होता."

"लांबू दे. पुण्याहून शिकून आली का पूर्ण कर ते साडी."

पोरगी आधी बापाच्या पाया पडली, मग यांच्या. यांनी आशीर्वाद दिला तो असा, की जणू सारा पिक्चर यांनीच काढला होता.

परतताना वाटेतल्या सेलूपर्यंत स्वारी खुशीत होती. "पाह्यलं? माह्या एका शब्दानं पोरीचं काम झालं."

"ते राहू द्या. लोड होता, अंधार होता, मंग झोपले काऊन नाई तुमी?"

"झोपतो कसा?" ते चिडूनच म्हणाले. "इंटरवलची वाट पाहून राह्यलो होतो."