बॅच तुमची आहे

कोथरूडच्या त्या कॉम्प्युटर क्लासला खिडकी होती, पण धूळ येऊ नये म्हणून तिच्यावर काळा कागद चिकटवला होता. बाहेर चपला काढायच्या आणि आत एसीत कुडकुडत बसायचं. तेव्हा बँकांमध्ये नुकते कॉम्प्युटर येऊ लागले होते आणि आमच्या सरांना एका बँकेच्या लोकांना शिकवायचं काम मिळालं होतं. क्लासला मिळालेलं सगळ्यात मोठं काम. ते त्यांनी मला दिलं. मी अमरावतीहून आलेली, तोवर फक्त कॉलेजच्या पोरांना शिकवलेलं.

"सोमवारपासून ही बॅच तुमची," एवढंच म्हणाले. विश्वास वगैरे शब्द तोंडातून काढला नाही. फक्त त्या दिवसापासून ते त्या खोलीत यायचे बंद झाले.

मला ती शिक्षाच वाटली. समोर पन्नाशीची माणसं, बँकेने बळजबरीने पाठवलेली. सरांनी स्वतः लिहिलेल्या नोट्सप्रमाणे आधी कॉम्प्युटरच्या पिढ्या, मग आकृत्या, आणि मशीनला हात त्यानंतर कधीतरी. निवृत्तीला आलेले एक हेड कॅशियर पुढच्या रांगेत हाताची घडी घालून बसत.

"बाळ, या पिढ्या आम्ही कुठल्या खात्यात जमा करायच्या?" त्यांनी एकदा शांतपणे विचारलं. सगळी बॅच हसली.

मग ते माझी तक्रार घेऊन सरांकडे गेले. मी तिथेच उभी होते. "अहो, त्या बॅचचं त्या बघतात. मला काय विचारता?" असं म्हणून सरांनी त्यांना परत माझ्याकडे धाडलं.

संध्याकाळी मी केबिनमध्ये गेले. "सर, मला हे जमत नाहीये. हे काम हातचं गेलं तर क्लास बुडेल. तुम्ही एक दिवस तरी येऊन बसा."

सरांनी चष्मा पुसला. "नको," म्हणाले. "चहा घेणार का?"

मला त्या माणसाचा संताप आला. सोडून गावी जावं, तर बाबांनी माझ्या नोकरीचे पेढे अख्ख्या आळीत वाटलेले. इकडे आड, तिकडे विहीर.

रागाच्या भरातच मी सरांच्या नोट्स कपाटात टाकल्या आणि प्रत्येक मशीनवर पत्ते लावून दिले, एकट्याने खेळायचा डाव. सरांना कळलं की निदान काढून तरी टाकतील, असंही मनात होतं. पण खरं कारण वेगळं होतं. माउसला हात लावायचीच या माणसांना भीती वाटायची, आणि पत्ते सगळ्यांना येत होते. दोन-चार दिवसांत हेड कॅशियर चहाच्या सुट्टीतही उठेनासे झाले.

आणि नेमके तेव्हाच बँकेचे मोठे साहेब न कळवता आले. सर त्यांना घेऊन दारात उभे राहिले. आत त्यांची सगळी माणसं भर दुपारी पत्ते खेळत होती.

"हे काय चाललंय?" साहेबांनी सरांना विचारलं.

आता सर बॅच काढून घेतील, सुटले एकदाची, असं मला वाटलं. सर म्हणाले, "बॅच त्यांची आहे, त्यांनाच विचारा." साहेबांना आत सोडून त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं.

मी साहेबांना पुढच्या रांगेतल्या मशीनजवळ नेलं. मग बोलायला लागले. माउसने उचलणं, नेणं, सोडणं, चुकलं तर परत घेणं, हे सगळं पत्त्यांत कसं येतं ते सांगितलं. उद्यापासून याच हातांनी व्हाउचर भरायला घेणार, हेही सांगितलं. ते मी त्याच क्षणी ठरवलं होतं. बोलताना दाराकडे एकदाही बघितलं नाही.

"साहेब, जरा बाजूला व्हा, डाव दिसत नाहीये," हेड कॅशियर म्हणाले. साहेबांना हसू आलं. काम आमच्याकडेच राहिलं.

साहेब गेल्यावर मी तावातावाने केबिनमध्ये शिरले. सरांच्या चहावर साय धरली होती.

"गेले का?" त्यांनी विचारलं. आणि मग हळूच, "पत्ते कशाला लावले होते?"

"तुम्हाला माहीत नव्हतं? मग दार का लावून घेतलंत?"

"उघडं ठेवलं असतं," सर म्हणाले, "तर मी आत आलो असतो."