गंगाधर उस्ताद उभा होता ती जागा

पोस्टिंगचा हुकूम वाचून दाखवला तेव्हा आमची फौजेची इंजिनिअर कंपनी ईशान्येच्या डोंगरात रस्ता करत होती. दुष्काळी काम, तलावातला गाळ काढणे, जिल्हा लातूर. ते नाव माझ्या कानात बसेना. मी भरती झालो तेव्हा कागदावर जिल्हा उस्मानाबाद लिहिला होता. मी डोंगरात असताना इकडे जिल्हाच बदलला होता.

अंगावर वर्दी, हातात सरकारी टिप्पर, आणि तोंड आपल्याच गावाकडं. असं स्वप्नात होतं.

"सासरी निघाल्यासारखा लाजून राहिला की रे," गंगाधर उस्ताद म्हणाला.

गंगाधर हुद्द्यानं नाईक, गाव नांदेड. माझ्याहून वयानं आणि नोकरीनं मोठा. मला टिप्पर त्यानंच शिकवला. हौदा वर असताना गाडी हलवायची नाही. हौदा उचलण्याआधी वर विजेची तार आहे का ते बघायचं. हौद्याखाली वाकायचं असेल तर आधी टेकू लावायचा, जॅकवर विश्वास ठेवायचा नाही. गाडी मागे घेताना दोन हॉर्न द्यायचे, आणि मागे इशारा देणारा गाईड उभा पाहिजे. तो गाईड बहुधा स्वतः उस्तादच असे.

"आरशात मी दिसलो न्हाई, की पाय ब्रेकवर," तो म्हणायचा. "उस्ताद मुतायला गेला असंल, असं समजायचं न्हाई. उस्ताद चाकाखाली हाय, असंच समजायचं."

अहमदपूर आणि रेणापूरच्या मधल्या एका तलावावर आम्ही तंबू ठोकले. तलाव म्हणायचं ते सवयीनं. तळ उघडा पडला होता. काळ्या मातीला पडलेल्या भेगांत हात जाई. चाकाखाली शिंपले फुटत. मधोमध एक जुनी विहीर निघाली होती, तिच्या कडेला पाटा पडलेला. तलाव होण्याआधी तिथं कुणी वाटण वाटलं असेल. पहिले काही दिवस मी तिथून गाडी सावकाश नेत असे. एखाद्याच्या घरातून गाडी घातल्यासारखं वाटायचं.

साडेपाचला फॉल-इन, हजेरी. सहाला पहिली खेप. बारा ते तीन काम बंद, कारण तापलेल्या स्टिअरिंगला हात लावता येत नसे. त्या वेळी तळ्यात पाणी दिसायचं. आमच्या गाड्या त्या पाण्यावर तरंगत उभ्या असायच्या. डोळे चोळले तरी पाणी हटत नसे.

गाळ वस्तीजवळच्या माळावर टाकायचा. तिथून लोक बैलगाड्यांनी तो शेतात नेत. पहिल्या दिवशी मी माळावर गाडी वळवली, दोन हॉर्न दिले, रिव्हर्स टाकला. उस्तादानं लगेच दोन्ही हात वर केले. थांब.

अख्खी वस्ती घागरी, डबे, कळशा घेऊन टिप्परमागे धावत आली होती.

त्या वस्तीत पाण्याचा टँकर यायचा. वेशीशी आला की दोन हॉर्न द्यायचा. त्या उन्हाळ्यात तिथं दोन हॉर्नचा अर्थ एकच होता.

"पानी न्हाई व्हय ह्याच्यात?" एक बाई हौद्यावर हात आपटून म्हणाली. "मग बोंबलतंस कशाला रं मुडद्या?"

"गाळ हाय माय," उस्ताद म्हणाला. "पेतेस का?"

बायका हसल्या. परत गेल्या. दुसऱ्या खेपेला हॉर्न वाजला आणि पुन्हा आल्या. निम्म्या आल्या, पण आल्या. एक म्हातारी तर प्रत्येक हॉर्नला उठायची. मी म्हटलं, "आजी, हा टँकर न्हाई. सकाळधरनं सांगून राहिलो."

"ठावं हाय रं लेकरा," ती म्हणाली. "पर वाजलं की पाय निघत्यात."

असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी मीच उस्तादाला म्हणालो, "हॉर्न बंद करू. मला बघवत नाही. आमचं गाव इथून दोन कोसांवर आहे. माझी आईपण अशीच धावत असेल."

"सुभेदार साहेबाला कळलं तर?"

"कोण सांगतंय?"

त्यानं एकदा वस्तीकडं पाहिलं. मग खिशातून शिट्टी काढली. लांब शिट्टी वाजली की मागे ये. आखूड वाजली की थांब. "पर आरसा सोडू नको," तो म्हणाला.

सोपं वाटलं. म्हातारी सावलीत बसून राहू लागली. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं, हेही सांगायला पाहिजे. आपण कुणावर तरी उपकार करतो आहोत, या सुखात मी त्या माळावर गाडी चालवत होतो. हळूहळू आरशापेक्षा कानावर भिस्त बसली. आखूड शिट्टी नाही, म्हणजे सगळं ठीक.

त्या दिवशी टँकर न आल्याला दोन दिवस झाले होते. चार वाजले असतील. वारं सुटलं होतं. मी गाडी वळवली. उस्ताद त्याच्या जागेवर, माझ्या बाजूला मागच्या कोपऱ्यापासून लांब, आरशात पूर्ण दिसत होता. लांब शिट्टी आली. मी रिव्हर्स टाकला. चाकांची धूळ वाऱ्यानं पुढं आली आणि आरसा मातकट झाला. उस्ताद दिसेनासा झाला.

पाय ब्रेकवर जायला हवा होता. मी शिट्टीची वाट बघत राहिलो.

तेवढ्यात वेशीकडून टँकरचे दोन हॉर्न वाजले. आखूड शिट्टी आली नाही. मी मागे येत राहिलो.

पुढचं मला नंतर कळलं. टँकरकडं जायची जवळची वाट टिप्परच्या मागून होती. सगळ्या बायका तिकडून धावल्या. म्हातारी पुढं होती. उस्तादानं शिट्टी तोंडातून टाकली, कारण शिट्टी मला थांबवण्यासाठी होती, बायकांना नव्हे. आणि त्याला आधी बायकांना थांबवायचं होतं. तो हात पसरून आडवा गेला. "माय, थांबा! मागं सरा!" असं ओरडला म्हणे. मला इंजिनच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. बायकांची किंकाळी ऐकू आली तेव्हा ब्रेक लागला.

म्हातारी ढकलली गेली होती, बाजूला पडली होती. तिची घागर चेपली होती. उस्ताद चाकाजवळ होता. अहमदपूरला नेईपर्यंत संपला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेची चौकशी, बसली. मेजर साहेबांनी विचारलं, "हॉर्न दिया था?"

मी म्हणालो, "जी साब. दो बार."

मग वस्तीतल्या बायकांना विचारलं. त्यांनी खरं तेच सांगितलं. "व्हय, दोनदा वाजला की. त्यो ऐकूनच तर आमी पळालो." टँकरचा हॉर्न त्यांनी ऐकला होता. तो माझ्या नावावर लागला. कुणीच खोटं बोललं नाही, एक मी सोडून. निष्कर्ष आला: चालकानं नियम पाळला, गाईड चुकीच्या जागी उभा होता.

पुढं मी नोकरी पुरी केली. परत आलो. आता रस्त्याच्या कामावर डंपरच्या पोरांना गाडी शिकवतो. गेल्या महिन्यात नांदेडला गेलो. गोदावरीच्या अंगाला गंगाधर उस्तादाचं घर आहे. इतकी वर्षं मी त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरलो होतो. या वेळी आत गेलो. "जयभीम वहिनी," म्हणालो आणि बसायच्या आधीच सगळं सांगितलं. हॉर्न, शिट्टी, आरसा, जबानी.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"लोक म्हणायचे, येड्यावानी गाडीमागं गेला," त्या म्हणाल्या. "पोरगं भरतीला निघालं तवा मीच म्हणलं, बापावानी येंधळेपणा करू नको."

त्यांनी तांदळातला एक खडा वेचून टाकला.

"भाऊजी, त्या बायांतली कोणी गेली का?"

"न्हाई."

"एकबी?"

"एकबी न्हाई. म्हातारी त्यानंतर लई वर्षं जगली."

मग त्यांनी सूप खाली ठेवलं. भिंतीवरच्या उस्तादाच्या फोटोकडं बघितलं. "तुमाला माफ करायचं का न्हाई, ते मला आज न्हाई सांगता येत," त्या म्हणाल्या. "पर त्यांचं खरं काय झालं ते लिवून द्या. पोराला वाचायला."

तो तलाव आता भरलेला असतो. झोपेत मी अजून त्याच्या तळावरून गाडी नेतो. शिंपले फुटतात, आरसा स्वच्छ असतो, आणि कोपऱ्यात उस्ताद हात वर करून उभा असतो.

लिहून देतो. हॉर्न वाजला नाही. आरसा मी सोडला. नाईक गंगाधर जिथं उभा राहायला हवा होता, तिथंच उभा होता.