गाडीत कोण बसतं?

"गाडीत कोण बसतं?"

एसीचा फिल्टर मागायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मामा आधी एवढेच विचारायचे. गाडी कुठली, मॉडेल कुठले, हे नंतर. विचारताना डाव्या तळव्याने स्वतःची छाती सावकाश चोळायचे. उत्तर मिळाल्याशिवाय फळीवरचा एकही खोका खाली यायचा नाही.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यांना चिकटून, गाड्यांच्या एसीचे एक दुकान आहे. मामा तिथे कामाला होते. ते नेमके कुणाचे मामा, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. मालकापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळे मामाच म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले.

तुमच्याही गाडीत डॅशबोर्डच्या खणामागे असा एक फिल्टर असेल, आणि तोवर मी पाहिला नव्हता तसा तुम्हीही तो कधी पाहिला नसेल. त्यात दोन जाती. मामांच्या शब्दांत सांगायचे तर, "धुवायचं असतंय ते जाळीचं. मोटी धूळ धरतंय, बारीक सोडून देतंय. कागदाचं बारीक बी धरतंय, पर भरलं की मेलं. त्याला धुवायचं न्हाय, टाकायचं." गाडीत लहान मूल, म्हातारे माणूस किंवा खोकणारे कुणी बसत असेल तर कागदाचा. एरवी धुवायचा बास.

उजनीकडचे एक केळीवाले बागायतदार एकदा नवी कोरी जीप घेऊन आले होते. मामांनी नेहमीचा प्रश्न विचारला. बागायतदारांचा चेहरा लालबुंद झाला. "कोण का बसंना, तुला काय करायचंय?" मामा शांतपणे म्हणाले, "म्हातारी आई बसती का कुत्रं बसतंय, तेवडं सांगा. बाकीचं मला नगं." मी शेजारी उभी होते. हसू दाबताना माझे डोळे भरून आले. बागायतदार खाली बघत म्हणाले, "आई बसती," आणि कागदाचा घेऊन गेले.

मला मात्र त्यांनी धुवायचा दिला. मी रोज एकटीच गाडी चालवत सोलापूरहून वैरागला जाते, तिथे कॉलेजात शिकवते. ते ऐकून मामा म्हणाले, "एकट्याच? मग धुवायचं बास." मला ते जरा लागलेच. म्हटले, "म्हणजे माझ्या छातीला किंमत नाही?" तर म्हणाले, "तुमी खोकत न्हाय की, बाई. उगं कशाला दर सहा महिन्याला टाकायचं? दोन महिन्याला एकदा तेवडं धुवा."

पहिल्यांदा मी तो मोठ्या हौसेने धुतला आणि उलटा बसवला. फिल्टरच्या कडेला एक बाण असतो, हवा कुठून कुठे जाते ते दाखवणारा. मामांनी फिल्टर काढून माझ्यासमोर धरला. "शिकलेल्या मानसाला बाण दिसत न्हाय व्हय?" मी चष्म्याचे कारण सांगितले. ते त्यांना पटल्याचे दिसले नाही.

मामा मूळचे सांगोल्याकडचे, मेंढ्या राखणाऱ्या घरातले. फिल्टरच्या घड्या ते अंगठ्याने अशा उलगडून बघत, की मेंढीच्या लोकरीत गोचीड शोधताहेत असे वाटे. मग फिल्टर उन्हासमोर धरून एक डोळा मिटायचे. तरुणपणी ते सोलापूरला आले आणि बावीस-तेवीस वर्षे मागावर टॉवेल विणत राहिले. सुताची बारीक लव छातीत बसत गेली. डॉक्टरांनी सांगितले, माग सोडा. त्यांनी माग सोडला आणि भिंतीपलीकडच्या या दुकानात आले. लव काही त्यांना सोडायला तयार नव्हती. शेजारच्या कारखान्याच्या खिडक्यांतून ती दिवसभर उडत यायची.

दुकानाच्या बाजूला चाके नसलेली एक पांढरी गाडी विटांवर उभी होती. गिऱ्हाइकांचे धुतलेले फिल्टर मामा तिच्या सीटवर मांडून वाळवायचे, काचा घट्ट लावून. बाहेर टांगले तर ओल्या जाळीवर लव चिकटे आणि धुतलेला फिल्टर मळक्यापेक्षा वाईट होई. जेवणाचा डबाही मामा त्या बंद गाडीतच बसून खायचे. सोलापूरचे ऊन तुम्हाला माहीत आहे. मी विचारले होते, "मामा, उकडत नाही का?"

"उकडतंय की. पर घाम पुसता येतोय, बाई. लव कशानं पुसू?"

दोन महिन्यांनी धुवा म्हणाले होते. मी त्या एका वेळेनंतर पुन्हा धुतलाच नाही. नळाला पाणी येणार चार दिवसांनी, येता-जाता जीव मेटाकुटीला, घरी आल्यावर तपासायला पेपरांचे गठ्ठे. मी थकलेली होते हे खरे आहे, आणि आळशीही आहे, तेही खरे. बघता बघता वर्ष होऊन गेले.

मार्चमधल्या एका दुपारी एसी गार होईना म्हणून दुकानावर गेले. मालक बाहेर गेलेले. मामा पांढऱ्या गाडीत दार उघडे टाकून बसले होते, दोन्ही हात छातीवर, ओठ काळपट. बोलता येत नव्हते. शेजारच्या कारखान्यातल्या दोघांनी त्यांना उचलून माझ्या शेजारच्या सीटवर बसवले. मी गाडी दवाखान्याकडे काढली आणि घाबरून एसी सगळा सोडला. त्यांना बरे वाटावे एवढेच डोक्यात होते.

समोरच्या, एसीची हवा येते त्या जाळीतून आधी कुबट वास आला. मग करड्या धुळीचा एक भपकारा थेट त्यांच्या तोंडावर. मामा खोकत खोकत पुढे वाकले आणि तळवा त्या जाळीवर दाबून धरला. मी एसी बंद केला, काच खाली केली. दवाखाना चार मिनिटांवर आला असताना, श्वास गोळा करत ते म्हणाले, "बाई... कधी धुतलं?"

"मागच्या महिन्यात," मी म्हणाले.

"व्हय," मामा म्हणाले, आणि बाहेर बघू लागले.

आठवड्याला तीस-चाळीस फिल्टर ज्याच्या अंगठ्याखालून जायचे, त्या माणसाला मी हे सांगितले. मी वर्गात रोज मुलांच्या थापा पकडते. माझी थाप त्यांच्याही थापांपेक्षा कच्ची होती.

ते आठ दिवस दवाखान्यात होते. खरे सांगून टाकायचे ठरवून मी एकदा गेले. त्यांच्या तोंडावर मास्क होता, भोवती गावाकडची माणसे. मी संत्री ठेवली आणि परत आले. मग कळले की त्यांना लेकीकडे गावी नेले, तिकडे हवा मोकळी आहे. म्हटले, परत आले की सांगू.

सुट्ट्या संपता संपता दुकानावर गेले. मालक म्हणाले, "मामा गेले, मॅडम. पंधरा दिवस झाले." मालकांनी फळीवरून एक खोका काढून माझ्यापुढे ठेवला. "हा तुमच्यासाठी ठेवून गेलेत. गावाला जायच्या आदल्या दिवशी आले होते, धड चालता येत नव्हतं."

आत कागदाचा फिल्टर होता. मी म्हणाले, "माझा तर धुवायचा आहे."

"मी पण तेच म्हणालो. तर म्हणाले, बाईंच्या गाडीत आता पेशंट बसतोय, कागदाचंच द्या."

फिल्टरच्या कडेचा बाण निळ्या पेनाने गिरवला होता. इतका जाड, की चष्म्याशिवायही दिसावा. मला रडू आले आणि मी ते आवरले नाही. बाहेर त्या पांढऱ्या गाडीच्या काचा कुणीतरी खाली करून ठेवल्या होत्या. मामा बसायचे त्या सीटवर लव साचली होती.

तो फिल्टर मी सहा महिने वापरला. परवा काढला आणि उन्हासमोर धरला. पलीकडचे काही दिसेना. अंगठ्याने एक घडी उलगडली, आत काळे. निळा बाण मात्र तसाच होता. दोन दिवस तो मागच्या सीटवर पडून राहिला. मग त्यांनी सांगितले होते तसा टाकून दिला.

दुकानात आता नवा माणूस आहे. त्याने विचारले, "धुवायचा का टाकायचा?"

"टाकायचा."

त्याने खोका दिला. बसवण्याआधी मी पर्समधून पेपर तपासायचे लाल पेन काढले आणि कडेचा बाण गिरवला. गिरवता गिरवता तोंडातून निघून गेले, "मामा, वर्षभर धुतला नव्हता."

"काय म्हणालात, मॅडम?" नव्या माणसाने विचारले.

"काही नाही," मी म्हणाले, आणि फिल्टर आत सरकवला.