लिलावातलं ऊन

संशय हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. न्हावा शेव्याच्या बंदरातून माल सोडवून देणाऱ्या एका ऑफिसात मी अठरा वर्षं कागद तपासते. कागदावर लिहिलंय तेच पेटीत भरलंय का, एवढंच बघायचं. ‘सुटे भाग’ असं वाचलं की माझा पहिला प्रश्न, कशाचे? घरी म्हणतात, हिला भाताच्या शितातही घोळ दिसतो. दिसतो. बऱ्याचदा असतोही.

मागवणारा माल सोडवायला आलाच नाही, तर काही महिन्यांनी तो माल लिलावात निघतो. माझा धाकटा दीर तीन ट्रेलरचा मालक आणि या लिलावांचा भारी नादी. मागच्या दिवाळीनंतर त्यानं एक लॉट उचलला. कागदावर होतं, व्यायामाचं सामान आणि पलंग. सायकली निघाल्या, त्या आठवड्यात खपल्या. पलंग मात्र निघाला तो माणूस मावेल एवढ्या शिंपल्यासारखा. खाली काच, वर झाकण, दोन्हीकडं लांबच लांब नळ्या. बटण दाबलं की निळा-जांभळा उजेड.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“उपचाराचा पलंग,” दीर म्हणाला. “बाळाला कावीळ झाली की निळ्या उजेडाखाली ठेवतात ना, वहिनी? तेच हे. मोठ्या माणसांसाठी.”

आमच्या भावकीत घरटी एक तरी मूल त्या निळ्या उजेडाखाली दोन-तीन दिवस राहून आलेलं आहे, त्यामुळं सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्याच्या मेकॅनिकनं मोबाईलवर शोधून सांगितलं की, ज्या देशांत ऊन पडत नाही तिथले लोक यात झोपून अंगाला ऊन घेतात. सासूबाईंची अख्खी उमर मिठागरावर गेलेली. त्यांना हसता हसता ठसका लागला. “ऊन पेटीत भरून इकतात? आमी नवव्या म्हयन्यापतुर उन्हात मीठ वढलं, कोन इकत घ्यायला आला न्हाय.” पलंग दिराच्या ट्रेलरच्या यार्डातल्या ऑफिसच्या मागच्या खोलीत ताडपत्रीखाली गेला आणि मी तो विसरले.

तेव्हा माझी धाकटी जाऊ पोटुशी होती. आधीची दोन्ही तिसऱ्या महिन्यात गेली होती. या खेपेला घरात कुणी मोठ्यानं शिंकतसुद्धा नव्हतं. आणि मला मूल नाही, हे इथंच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे. लग्नाला बावीस वर्षं झाली. घरात कुणी मला तोंडावर बोलत नाही. फक्त कुणाची ओटी भरायची वेळ आली की मला नेमकं स्वयंपाकघरात पुऱ्या तळायचं काम निघतं.

तिसऱ्या महिन्यात जावेच्या रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ड जीवनसत्त्व फार कमी आहे, आठवड्याला एक पुडी दुधातून घ्यायची. त्यानंतर काही दिवसांतच तिच्या गालांवर, कपाळावर काळपट डाग दिसू लागले. शेजारणी म्हणाल्या, वांग आहे, पोटुशीला येतोच. येतो, मान्य. पण हिच्या डोळ्यांभोवती दोन गोल पांढरे राहिले होते. वांग काही चष्मा लावून येत नाही.

शिवाय दिराचा डबा यार्डात न्यायचं काम तिनं स्वतःकडं घेतलं होतं. आधी तो एखादा ड्रायव्हर नेत असे. भर दुपारी जायची आणि लालबुंद होऊन परत यायची, आल्या आल्या तांब्याभर पाणी घटाघटा प्यायची. कुठंतरी पाणी मुरत होतं. एका शनिवारी मला अर्धा दिवस सुट्टी होती. मी घरी न जाता सरळ यार्डात गेले. ऑफिसात कुणी नव्हतं. मागच्या खोलीच्या दाराखालून जांभळा उजेड येत होता आणि आतून घरघर ऐकू येत होती.

दार ढकललं. खोलीत भट्टीसारखं गरम होतं. त्या पेटीत जाऊबाई आडव्या, डोळ्यांवर पोहण्याचा चष्मा, पोटावर तेवढा एक ओला टॉवेल. तो टॉवेल बघून माझ्या लक्षात आलं की हिचा स्वतःचाही या पेटीवर पुरता भरवसा नाही.

“किती दिवस चाललंय?”

“तीन आठवडे, ताई. रोज दहाच मिनिटं.”

“आणि पुडी?”

“नाही घेत.” ती उठून बसली. “दोन्ही वेळा सगळ्या गोळ्या वेळच्या वेळी घेतल्या. दोन्ही वेळा गेलं. ऊन काही औषध नाही, त्यानं कुणाचं वाईट होत नाही.”

“मग बाहेर रस्त्यावर पडलंय ते काय आहे? फुकट आहे ते.”

“बाहेर बसले तर काळी पडेन. हे म्हणाले, मशीनचं ऊन वेगळं असतं.”

“आरशात बघितलंस का? आता काय गोरी राहिलीस?”

हे मी बोलायला नको होतं. माझी जीभ आहेच तशी, रागात आधी सुटते. तिनं चष्मा काढला, टॉवेलची घडी घातली आणि अगदी हळू म्हणाली, “ताई, तुम्हांला हे बाळ नकोच आहे ना?”

मी भिंतीवरचा खटका बंद केला, पेटीच्या कडेला चिकटवलेल्या सूचनांचा फोटो काढला आणि बाहेर पडले. रिक्षात बसेपर्यंत रडू आवरलं, पुढं नाही आवरलं.

सूचना कुठल्यातरी परक्या भाषेत होत्या. मोबाईलनं त्यांचं केलेलं मराठी विचित्रच होतं, पण एक ओळ स्वच्छ होती: गर्भवती असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. रात्रीच्या जेवणाआधी मी ती दिराला वाचून दाखवली. तो म्हणाला, “परदेशी लोक घाबरट, वहिनी. साध्या पंख्यावरसुद्धा दहा सूचना लिहितात. जन्मलेल्या बाळाला चालतं, ते पोटातल्याला का चालणार नाही?” आमचे हे म्हणाले, “तुझ्या नोकरीनं तुला सगळीकडंच चोर दिसायला लागलेत.” सासूबाई नुसत्या माझ्याकडं बघत राहिल्या. पेटीवरचा संशय आता माझ्यावर आला होता.

दोन दिवस मी धुमसत होते. सोमवारी जावेला म्हटलं, “माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. डॉक्टरीणबाईंवर ठेव. तू आत जा, एकटी विचार. मी बाहेर बसते.” ती आली, पण उरण येईपर्यंत रिक्षात तोंड फिरवून बसली.

पाच मिनिटांत मला आत बोलावलं गेलं. डॉक्टरीणबाईंनी फोटो बघितला. “काविळीच्या बाळाला देतात तो उजेड वेगळा,” त्या म्हणाल्या. “त्यात हे उन्हातले अल्ट्राव्हायोलेट किरण नसतात. तिथं बाळावर नर्सची नजर असते, अंग किती तापलं ते बघतात. तुमच्या या पेटीचे किरण कातडीच्या आत फारसे जात नाहीत, बाळापर्यंत पोचत नाहीत.”

जावेनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

“पण पेटीत अंग तापतं,” त्या पुढं म्हणाल्या, “आणि सुरुवातीच्या महिन्यांत आईचं अंग फार तापणं बाळाच्या कण्याला बरं नाही. दुसरं, हे किरण रक्तातलं फॉलिक अ‍ॅसिड कमी करू शकतात. तेही कण्यासाठीच लागतं, म्हणून तर गोळी देते मी. चेहऱ्यावरचा वांग तर यानं वाढणारच. आता यामुळं नक्की काही होईल का? ते मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकणार नाही. म्हणूनच नको. पुडी घ्या, गोळी घ्या. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत कणा नीट दिसेल.”

त्या दिवसापासून जाऊ पुडी घेऊ लागली. माझ्यासमोर दुधात ढवळायची आणि रिकामी पुडी माझ्यासमोर केरात टाकायची, साक्षीदाराला दाखवावी तशी. पलंग दिरानं पनवेलच्या एका पार्लरवाल्याला दिला. काय सांगून दिलास, विचारलं, तर म्हणाला, “जसा आहे तसा घेतला, जसा आहे तसा दिला.”

सोनोग्राफीला अजून पाच आठवडे होते. तेवढ्या दिवसांत मी ऑफिसात बसून मोबाईलवर कण्याबद्दल मिळेल ते वाचत राहिले. जावेची कंबर दुखली की मी पुन्हा मोबाईल उघडायचे. तिनं पाय मुरडला तरी मी विचारायचे, काय होतंय? ती म्हणायची, काही नाही. मला ते खरं वाटायचं नाही. दिराला एक दिवस काय काय ऐकवायचं, ते मी मनात वाक्य न् वाक्य जुळवून ठेवलं होतं. बंदराच्या बसमध्ये बसले की ती वाक्यं म्हणून बघायचे. आणखी धार लावायचे.

सोनोग्राफीच्या दिवशी दीर ट्रेलर घेऊन गुजरातेत अडकला होता. सासूबाईंचे गुडघे धरले होते. जाऊ माझ्या खोलीच्या दारात आली. “ताई, तुम्ही चला.”

आत अंधारलेली खोली. तिच्या पोटावर गार जेल लावलं, तशी तिनं माझं बोट धरलं. डॉक्टरीणबाईंनी पोटावरून यंत्र इकडून तिकडं फिरवलं. मग त्यांनी पडदा आमच्याकडं वळवला. “हा बघा कणा. मणी दिसतायत ना? वरपासून खालपर्यंत नीट आहे. काळजीचं काही नाही.”

जाऊ रडायला लागली. आणि माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं, ते ‘देवा, बरं झालं’ असं नव्हतं. पहिल्यांदा आलं ते असं, की आता दिराला मी काय बोलणार? इतके दिवस घोकलेलं एकही वाक्य आता बोलता येणार नव्हतं. मला वाईट वाटलं. डोळ्याचं पातं लवतं तेवढाच वेळ, पण बाळ धड आहे याचं मला वाईट वाटलं. मग आनंद झाला, खूप झाला, तोही खोटा नव्हता. पण तो नंतर आला.

जाऊ माझं बोट सोडायला तयार नव्हती. रडत रडतच म्हणाली, “मी त्या दिवशी तुम्हांला काय बोलले, ताई. माझी जीभ झडो. तुम्ही नसता तर?”

“गप, रडू नकोस, पोट हलतंय,” मी म्हणाले. तिच्या हातातून बोट सोडवून घेतलं आणि जेल पुसायला कागद शोधू लागले. कागदाचा गठ्ठा समोर टेबलावरच होता. तरी मी तिच्याकडं पाठ करून बराच वेळ शोधत राहिले.