पडद्यावर अडकलेला आकडा

ऑफिसात तिला सगळे भिंगवाली म्हणायचे. अ‍ॅपच्या पडद्यावर एखादं बटण केसभर सरकलं तरी तिच्या नजरेतून सुटत नसे. घरोघरी जाऊन इंजेक्शन देणाऱ्या साठ नर्सेससाठी तिनं अ‍ॅप बनवलं होतं. वर पेशंटचं नाव, खाली इन्सुलिनची मात्रा.

मंगळवारी ती जेवायला बसली आणि फोन वाजला. नर्सेसमध्ये सगळ्यात जुन्या आक्का बोलत होत्या.

"अगं, नाव आजोबांचं आणि मात्रा चाळीस. त्यांना आठच असते. आजींनी टोकलं म्हणून सुई हातात थांबली."

"परत उघडून पाहिलंत?"

"पाहिलं. आता आठ दाखवतंय. पण मघाशी चाळीसच होते, मी काही आंधळी नाही."

तिनं नोंदी उघडल्या. चाळीस ही आधीच्या घरच्या पेशंटची मात्रा होती. ती तशीच उठून साहेबांकडे गेली.

"आक्कांचं वय झालंय," साहेब म्हणाले. "आपल्याकडच्या नोंदीत आठच आहे ना? मग एका फोनसाठी साठ जणींचं काम थांबवायचं?"

"एकीची सुई थांबली, साहेब. बाकी एकोणसाठ जणींचं मला माहीत नाही."

"आणि काही सापडलं नाही तर?"

"तर जबाबदारी माझी."

तिनं मात्रेचा पडदा बंद केला. 'डॉक्टरांना विचारूनच इंजेक्शन द्या', असा निरोप सगळ्यांना गेला. पाच मिनिटांत डॉक्टरांचे फोन सुरू झाले आणि साहेबांनी दार लावून घेतलं.

आक्कांकडे होता तसाच फोन तिनं केबलनं कॉम्प्युटरला जोडला. एका पेशंटवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, असे दोनशे वेळा पडदे बदलले. आकडा एकदाही चुकला नाही. दोन तास गेले. आपणच उगाच बाऊ केला की काय, असं तिच्या मनात येऊ लागलं.

शेवटी ती आक्कांना गाठायला निघाली. दोन गल्ल्या पलीकडे एका इमारतीच्या जिन्यात त्या धापा टाकत उभ्या होत्या. तिनं त्यांच्या फोनपुरता तो पडदा उघडला आणि बोट फिरवलं. तिसऱ्या खेपेला नाव बदललं. आकडा जागचा हलला नाही.

मग तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. बॅटरी बारा टक्के.

"नेहमीच एवढी कमी असते?"

"सकाळपासून वणवण. दुपारपर्यंत जीव जातो त्याचा."

तिला एकदम उलगडलं. बॅटरी संपत आली की फोन पडद्यावरची हालचाल मधूनमधून थांबवतो. नाव नुसतंच बदलायचं, पण जुना आकडा हळूच विरून नवा यावा, हे तिनंच हौसेनं लिहिलं होतं. हालचालच नाही, तर जुना आकडा विरणार कसा? तिच्या टेबलावरचा फोन सदा केबलला जोडलेला, पोट भरलेला. त्याला ही उपासमार कधी कळलीच नव्हती.

तिनं ती नक्षी काढून टाकली. चार फोनांच्या बॅटऱ्या मुद्दाम उतरवून पुन्हा पुन्हा तपासलं. पाच वाजता पडदा सुरू झाला. साहेब नुसतं "बरं" म्हणाले.

मग तिनं सगळ्या नर्सेसना विचारलं, असं आधी कधी झालंय का. दोघींना चुकीचा आकडा दिसला होता. आपलीच नजर चुकली असं समजून त्या गप्प बसल्या होत्या. तिसरीनं मात्र मागच्या आठवड्यात तो खरा मानला होता, हे बाकीच्यांकडून कळलं. पेशंटची साखर उतरली, बेशुद्ध होऊन दवाखान्यात न्यावं लागलं. दोन दिवसांनी तो घरी आला, पण चूक त्या नर्सचीच ठरवून तिला तेव्हापासून कामावर घेतलं नव्हतं.

भिंगवालीनं तिला फोन लावला.

"ताई, चूक तुमची नव्हती. पडद्याची होती, आणि तो पडदा मी बनवला."

"हे साहेबांना लेखी द्याल?"

"मघाशीच दिलंय. सही माझी आहे."