कापसाने भरलेल्या हॉलचे माप

"पाणी." देवराव काकांनी मान डोलावली. "भाकर." पुन्हा मान डोलली.

मी रेकॉर्डिंग थांबवले. माझ्याच आवाजातले वीस साधे शब्द नव्या स्पीकरमधून वाजत होते. काकांनी प्रत्येक शब्द ऐकून तो पुन्हा म्हणायचा होता.

"काका, मान नका डोलवू. ऐकला तो शब्द म्हणून दाखवा."

"आयकू तं येते न वं."

"मग आता कोणता होता?"

काका खिडकीकडे पाहू लागले. स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "यायले माह्यं तं चाळीस वर्सापासून आयकू येत नाही. त्याले कोनता स्पीकर लावशीन?"

मी हसले नाही. बाभुळगावच्या या हॉलमध्ये टीव्ही आणि सराउंड साउंड बसवणे हे माझे पहिले स्वतंत्र काम होते. फिजिक्समध्ये एम.एस्सी. केल्यावर पुण्यातल्या एका कंपनीत मी दोन वर्षे सभागृहांचा आवाज मोजत होते. मग यवतमाळला परतून स्वतःचे काम सुरू केले. "टीव्ही लावाले एम.एस्सी. कायले लागते?" हा प्रश्न ओळखीचे लोक तोंडावर विचारत. त्याचे उत्तर या हॉलने द्यावे, असा माझा बेत होता.

काम देताना काकांचा मुलगा शेखरदादा म्हणाला होता, "पिक्चर कसाई दिसो. बाबाले बोलनं समजलं पायजे. समजत नाही म्हनून ते आमच्यात बसतच नाही. जेवाचं ताटई आतल्या खोलीत नेतात." कानाचे यंत्र काकांनी आठवडाभर लावून पाहिले होते. भांड्यांचा आवाज डोक्यात जातो म्हणून ते यंत्र कपाटात गेले.

सराउंड साउंड म्हणजे पाच लहान स्पीकर आणि एक मोठा. संवाद मुख्यतः टीव्हीजवळच्या मधल्या स्पीकरमधून येतात. बाकीचे डावी-उजवी बाजू आणि पाठ सांभाळतात. मोठा फक्त धमक देतो. त्यांच्या वायरी भिंतीतून जाणार असल्याने मोजणी आधीच, जानेवारीत केली. आवाज बंद झाल्यावर खोलीत किती वेळ रेंगाळतो, हे लॅपटॉपला माइक जोडून मोजता येते. जितके कमी रेंगाळणे, तितके शब्द स्वच्छ. आकडा असा उत्तम आला की मी तीनदा मोजला. हेच शब्द माझ्या सोबतच्या स्पीकरवर ऐकून काकांनी त्या दिवशी वीसपैकी एकोणीस बरोबर सांगितले. शेखरदादा पाहतच राहिला. अहवालात मी लिहिले, "खोली उत्तम. भिंतींवर काहीही लावण्याची गरज नाही."

आणि मार्चमध्ये, सगळे बसवून झाल्यावर, काका आठवर अडले.

मी जोडण्या तपासल्या. प्रत्येक स्पीकरचे अंतर पुन्हा टेपने मोजले. आवाज वाढवला, तर शब्द आणखी चिवडले गेले. तासाभराने काका खुर्चीवरून उठले.

"जाऊ दे पोरी. तुह्या मशीनचा दोष नाही. कानच जुने झाले. मी आतच बरा हाव."

ते आत जाऊ लागले. ते गेले असते, तर पुन्हा या खुर्चीत बसले नसते. मला काय करावे ते सुचेना, म्हणून मी हॉलच्या मधोमध उभी राहून टाळी वाजवली. समोरच्या भिंतीवरून ती परत आली. मग मागच्या भिंतीवरून. चकचकीत टाइल्स, नवा रंग, काचेची खिडकी. अर्धा हॉल रिकामा होता.

"शेखरदादा, कापूस कधी गेला?"

"होळीच्या आंदी. काहून?"

"मी मोजली ती खोली त्याच्यासोबतच गेली."

जानेवारीत या हॉलचा मागचा अर्धा भाग खिडकीच्या कठड्यापर्यंत कापसाने भरलेला होता. मी त्याला वळसा घालूनच माइक ठेवला होता. पुण्यातल्या माझ्या एखाद्या सहकाऱ्याने दारातच विचारले असते, हा ढीग इथे किती दिवस? मला तो प्रश्न पडला नाही, कारण मला तो ढीग दिसलाच नाही. बोरी अरबला, माझ्या गावी, आमच्या समोरच्या खोलीत दिवाळीनंतर कापूस यायचा, आणि तो यायचा म्हणजे खोली तशीच असायची. आम्ही बहिणी दारातून धावत येऊन त्यात उडी मारत असू. मग अंगभर खाज, मग आईचा धपाटा, मग खोबरेल तेल. दहावीचा अभ्यास मी त्या ढिगाच्या मागे बसून केला. पलीकडे टीव्ही चालू असे, बाबा कोणाशी कापसाच्या भावावरून वाद घालत असत, आणि माझ्यापर्यंत सगळे मऊ होऊन पोहोचत असे. आईची हाक मात्र स्पष्ट यायची. तिच्या आवाजालाच तेवढा कापूस वाट देतो, असे मला वाटे. आता बाबा कापूस शेतातूनच गाडी भरून जिनिंगच्या कारखान्यात नेतात. त्या खोलीत सोफा आहे, आणि फोनवर त्यांचा आवाज घुमतो.

"म्हंजे बाबासाठी घरात कापूस भरून ठेवाव काय?" शेखरदादाने विचारले.

"नोको बाप्पा!" काकू पदर सावरत बाहेर आल्या. "चार महिने खाजवून आंग सोलून निघालं."

"चूक माझी आहे," मी म्हटले. "काका, दहा मिनिटे बसा. काकू, पाहुण्यांच्या गाद्या कुठे आहेत?"

दिवाणातून आणि माळ्यावरून नऊ गाद्या निघाल्या. मागच्या भिंतीला त्या उभ्या टेकवल्या, फरशीवर सतरंज्या पसरल्या. मधला स्पीकर टीव्हीच्या वरून काढून काकांच्या कानाच्या उंचीवर आणला. घुमणाऱ्या खोलीत आधीच्या शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते. तरुण कान ती बाजूला सारतात, थकलेल्या कानांना ते जमत नाही. गाद्या ती शेपटी गिळतात. काका चौदावर गेले. शेखरदादाने वडिलांची खुर्ची स्वतःच आणखी दोन हात पुढे सरकवली.

कायमच्या व्यवस्थेसाठी रहीमभाई गादीवाल्यांना बोलावले. भिंतीकडे पाहून ते म्हणाले, "बेटा, भितीले गादी? झोपनार कोन?"

"आवाज झोपणार आहे, रहीमभाई."

"मंग दाबून भरा लागन," ते गंभीरपणे म्हणाले.

त्यांनी लाकडी चौकटींत चार बोटे जाडीची पिंजलेली रुई ठासून मागच्या भिंतीसाठी सहा पॅनेल केले. वरचे कापड काकूंनी निवडले. मी राखाडी सुचवले होते, त्यांनी आंबा रंग घेतला. खिडकीला जाड पडदा आला.

दहा दिवसांनी शेवटची चाचणी घेतली. वीसपैकी सतरा. जानेवारीचे एकोणीस परत आले नाहीत, आणि तेवढ्या कापसाशिवाय ते येणारही नाहीत, हे मी शेखरदादाला तसेच सांगितले. नंतर सात वाजताच्या बातम्या लागल्या. मी केबल गुंडाळत होते. काका ताट मांडीवर घेऊन समोर बसले होते.

"शेखर, आवाज कमी कर बरं थोडा. एवढा वाढवून काहून ठेवला?"

शेखरदादाने रिमोट उचलला आणि तसाच हातात धरून ठेवला. या घरात आवाज कमी करायला काकांनी सांगितल्याचे त्याला आठवत नव्हते.

"झालं," काकू म्हणाल्या. "आता मले माह्याच घरात हळू बोला लागन."

"ते बी आयकलं," काका म्हणाले.

माझ्या सर्व्हेच्या फॉर्ममध्ये तेव्हापासून एक रकाना वाढला आहे: खोलीत आज आहे, पण उन्हाळ्यापर्यंत जाणार, असे काय? तो मी ग्राहकाकडून भरून घेते. स्वतः भरत नाही. मी याच भागात वाढले आहे.