निळ्या पत्राला दहापैकी चार

मी सांगलीची, त्यातून विश्रामबागेतली, त्यातून बी.ए.ला मराठीत पहिला वर्ग. या तीन गोष्टी एकत्र आल्या की माणूस किती असह्य होतो, हे पाटणकडच्या एका खेड्यातल्या हायस्कूलनं वर्षभर निमूट सोसलं. एकाहत्तरच्या लढाईला दोन-तीन वर्षं झाली होती. माझ्याकडे आठवीचं मराठी आलं आणि मी ठरवून टाकलं, या पोरांना साहित्याची गोडी लावल्याशिवाय इथून हलायचं नाही. पोरांना कुणी विचारलं नव्हतं.

सुरुवात उपमेपासून केली. "मुखाला कशाची उपमा द्याल?" मला हवा होता चंद्र. मागच्या बाकावरून उत्तर आलं, "भाकरीची." वर्ग हसला नाही, कारण वर्गाला ते पटलं होतं. मी चंद्राची बाजू हिरिरीनं मांडली. त्यावर पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, चंद्र निम्मा महिना अर्धामुर्धाच असतोय. भाकरी रोज पुरी असती." त्यानंतर उत्प्रेक्षा शिकवताना मी बरीचशी फळ्याकडे तोंड करूनच बोलले.

ही मुलगी हुशार होती. वडील फौजेत, आई घर आणि शेत बघायची. गावातल्या निम्म्या घरांत हीच तऱ्हा होती. कर्ता पुरुष सरहद्दीवर, बाई उसात, आणि घरातलं जे पोर शाळेत जाई ते घरचं लेखनिक. आईनं चुलीपुढे बसून सांगायचं, पोरानं लिहायचं. ही पद्धत साऱ्या गावाला ठाऊक होती. मला नव्हती, कारण मी गावात नाकासमोर बघून चालायची.

पत्रलेखन आलं तेव्हा मी गृहपाठ दिला, वडिलांना पत्र लिहून आणा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी वहीत लिहून आणलं. हिनं मात्र निळं आंतरदेशीय पत्रच पुढे ठेवलं. मला वाटलं, पोरगी हौशी दिसते. वर "तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार" आणि खाली मजकूर: आई सांगते की म्हैस व्याली, रेडी झाली. विहिरीला पाणी आहे. मावशीचे दुखणे कमी आहे. आमची काळजी करू नये. संपलं. मी लाल शाईनं ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, वाक्यांखाली रेघा ओढल्या आणि समासात शेरा मारला: "आशय तुटक. भावनेचा ओलावा नाही. एखादा अलंकार वापरावा. दहापैकी चार."

मुलीनं पत्र उचलून दप्तरात ठेवलं. बाईंना उलटून बोलायची रीत नव्हती. तिनं तो शेरा घरी आईला वाचून दाखवला, आणि घरात दुसरं निळं पत्र नव्हतं म्हणून तेच चिकटवून टपालपेटीत टाकलं.

दोन-अडीच महिन्यांनी हेडमास्तरांनी मला ऑफिसात बोलावून एक पाकीट दिलं. वर लिहिलं होतं, "मराठीच्या बाईसाहेब." आतलं अक्षर परेडला उभं राहिल्यासारखं ताठ.

"बाईसाहेबांस नमस्ते. तुम्ही तपासलेले पत्र मिळाले. आमच्या बराकीत साताऱ्याकडचे सहा जवान आहेत. सर्वांनी वाचले. मार्क कमी पडले असे सर्वांचे मत आहे. सुभेदारसाहेबांनी सात दिले. ते असो. पण तेव्हापासून घरचे पत्र बंद आहे. मुलगी कार्डावर 'सर्व खुशाल' एवढेच लिहिते. विचारले तर कळवते की आई काही सांगत नाही, मला सांगता येत नाही म्हणते. बाईसाहेब, विहिरीला पाणी किती आहे हे मला कळले पाहिजे. त्याशिवाय ड्यूटीवर घर डोळ्यांपुढे येत नाही. तिला बोलती करा, ही विनंती."

आधी मला राग आला, तो सुभेदाराचा. हा कोण मार्क देणारा! मग लाज वाटली, इतकी की दुपारचा डबा तसाच परत नेला. एका बाईनं नवऱ्याला धाडलेलं पत्र मी तपासलं होतं आणि तिचं तोंड बंद करून मोकळी झाले होते.

रविवारी नवं निळं पत्र घेऊन मी त्यांच्या घरी गेले. मुलीची आई अंगणात शेंगा फोडत बसली होती. मला बघून उठली, पदर सावरून घोंगडं अंथरलं.

"वहिनी, माझं चुकलं," मी म्हणाले.

"आवं बाई, तुमी कशाला चुकताय? आमालाच येत न्हाई. लिवायला येत न्हवतंच, आता सांगायलाबी येत न्हाई म्हनल्यावर गप बसल्यालं बरं."

हे ती हसत म्हणाली. टोमणा होता की नाही, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

"तुम्ही सांगा, मी लिहिते. एक शब्द बदलणार नाही."

"आन् ते अलंकार?"

"राहू देत."

मुलगी उंबऱ्यात बसून मान खाली घालून हसत होती. बाईंची परीक्षा तिला फुकटात बघायला मिळत होती.

बरेच आढेवेढे घेऊन आई सुरू झाली. "लिवा. रेडी चांगली हाय. उसाला खत घाटलं. हिरीचं पानी दोन परस उतरलंय, पर पुरंल. पडवी शाकारली." 'परस' की 'पुरुष', अशा जागी माझा हात सवयीनं मध्येच अडायचा, मी तो पुढे रेटायचे. मग ती थांबली.

"आठवण येते, असं लिहू?" मला राहवलं नाही.

"ह्या! चार मान्सं वाचत्यात तितं." तिनं दोरीकडे बोट केलं. "लिवा, तुमचा सदरा धुऊन वाळत घाटलाय."

दोरीवर एक पांढरा सदरा होता. मी लिहिलं आणि विचारलं, "सुट्टी मिळाली वाटतं त्यांना?"

"न्हाई वं. दिवाळीनंतर, मिळाली तर."

"मग सदरा?"

ती पुन्हा शेंगा फोडू लागली. उत्तर मुलीनं दिलं. "आई दर ऐतवारी धुती, बाई. घालाय कुनी नसलं तरीबी."

"त्ये नका लिवू," ती घाईघाईनं म्हणाली. "त्यास्नी ठावं हाय."

मी ते लिहिलं नाही. पत्र मिटलं आणि चिकटवायला मुलीकडे दिलं, कारण मला नीट दिसत नव्हतं.